१९११ सालचं अप्रेझल

एप्रिल आला की आयटीतल्या माणसाला दोन कारणांनी घाम फुटतो. एक ऊन आणि दुसरं अप्रेझल. एरवी क्रिकेट आणि फ्लॅटचे भाव यांवर तावातावाने बोलणारी मंडळी कॅन्टीनमध्ये एकदम हळू आवाजात बोलायला लागतात. "तुझं झालं?" "झालं." "किती?" आणि त्या 'किती'चं उत्तर म्हणून एक आकडा येतो. तीन, साडेतीन, फार तर चार. वर्षभराचं काम, जागवलेल्या रात्री, बुडवलेली लग्नं, सगळं त्या एका आकड्यात. त्याला म्हणायचं 'परफॉर्मन्स'.

या शब्दाचं मला बरेच दिवस कुतूहल आहे, कारण तो सगळीकडे घुसलेला आहे. नटाचा परफॉर्मन्स असतो, गाडीचा असतो, म्युच्युअल फंडाचा असतो, डेटाबेसच्या क्वेरीचा तर असतोच. मूळ शब्द जुन्या फ्रेंचमधला, अर्थ साधारण 'पूर्ण करणे, शेवटाला नेणे'. कायद्याने तो अर्थ अजून सांभाळलाय. आपल्या १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ कायद्यात 'परफॉर्मन्स' म्हणजे दिलेला शब्द पाळणं. बिल्डरने फ्लॅट द्यायचं कबूल केलंय ना, मग फ्लॅटच दे. 'चार पैकी साडेतीन' असला प्रकार तिथे नाही.

मराठीत याला एकच शब्द नाही, आणि मला वाटतं हे आपलं भाग्य आहे. शिपाई 'कामगिरी' करतो, गाडी 'पळते', आणि नाटकाचा होतो 'प्रयोग'. प्रयोगशाळेत होतो तोही प्रयोगच. म्हणजे काय निघेल ते आधी माहीत नसतं. हा धागा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर या शब्दाचा इतिहास वाचताना एक साल पुन्हा पुन्हा समोर यायला लागलं. १९११. त्या एका वर्षात चार वेगवेगळ्या ठिकाणी, चार वेगवेगळ्या धंद्यांत, 'याचं काम कसं झालं हे ठरवायचं कोणी आणि कशावरून' हा एकच प्रश्न उभा राहिला. चला, एकेका ठिकाणी जाऊन येऊ.

पहिलं ठिकाण घरचंच. मुंबई, १२ मार्च १९११. किर्लोस्कर नाटक मंडळीने काकासाहेब खाडिलकरांच्या 'संगीत मानापमान'चा पहिला प्रयोग लावला. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व, वय जेमतेम बावीस. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. प्रयोग रद्द करावा असा विचार झाला, पण बालगंधर्वांनी तो होऊ दिला आणि ते रंगभूमीवर उभे राहिले. मराठी नाटकाच्या इतिहासात ही हकीकत अनेकांनी सांगितली आहे.

आपण ती लहानपणापासून 'केवढी निष्ठा!' या सुरात ऐकतो. निष्ठा होतीच. पण जरा थांबून विचार करा. त्या दिवशी ते घरी बसले असते तर काय कमी प्रतीचे नट ठरले असते? त्यांचा आवाज, त्यांची तयारी, त्यांचा अभिनय यात तसूभर फरक पडला नसता. फरक पडला असता तो फक्त तिकीट काढून समोर बसलेल्या लोकांना. परफॉर्मन्समधली ही पहिली गोम. तो करणाऱ्या माणसापाशी जितका असतो तितकाच बघणाऱ्यापाशीही असतो.

आणि बघणाऱ्याच्या हातात तेव्हा एक जबरदस्त हत्यार होतं. 'वन्समोर'! पद आवडलं की प्रेक्षक ओरडायचे आणि नट तेच पद पुन्हा गायचा. दोनदा, तीनदा, चारदा. आजच्या भाषेत रिअल टाइम फीडबॅक. पण त्याचा परिणाम बघा. वन्समोर हेच यशाचं माप झालं तशी नाटकं लांबत गेली. रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालायचा. पदांची संख्या फुगली, कथा मागे पडली. संगीत रंगभूमीचं वैभव त्यातूनच आलं आणि नंतरचा थकवासुद्धा. माप लावलं की मापलेली गोष्ट मापाच्या दिशेने वाकायला लागते, हे समजायला एमबीए करायला नको, गंधर्व कंपनीचा इतिहास पुरे.

गंमत म्हणजे नाटकवाल्यांनी या प्रश्नावर फार पूर्वी विचार करून ठेवलाय. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या यशावर, म्हणजे 'सिद्धी'वर, एक अख्खा अध्याय आहे, सत्ताविसावा. त्यात यश दोन प्रकारचं सांगितलंय. एक मानुषी सिद्धी. लोक हसले, वाहवा म्हणाले, अंगावर काटा आला, जागेवरून उठले, अंगठ्या नि वस्त्रं फेकली. थोडक्यात वन्समोर. आणि दुसरी दैवी सिद्धी. प्रेक्षागृह भरलेलं आहे, पण आवाज नाही, गडबड नाही, कुठलाही उत्पात नाही. सगळं शांतपणे पार पडतंय. ही वरच्या दर्जाची.

शिवाय परीक्षक कोण असावेत याची यादीच आहे. त्यांना 'प्राश्निक' म्हणायचं. यज्ञाचा प्रसंग असेल तर यज्ञ जाणणारा, नृत्याला नर्तक, छंदाला छंद जाणणारा, धनुर्विद्येच्या प्रसंगाला धनुर्धर, वेषभूषेच्या रंगसंगतीला चित्रकार, शृंगाराला गणिका, राजाच्या वागण्याला खुद्द राजा. म्हणजे सगळ्यांना सगळं तपासायला लावायचं नाही. जे काम तपासायचं, ते स्वतः जाणणारा माणूस बसवायचा. आमच्या एचआरला हा अध्याय भाषांतर करून पाठवावा असं फार मनात आहे :)

आता दुसरं ठिकाण. नाटकात वाद आवडीनिवडीचे असतात. पण जिथे माप अगदी साधं आहे, कोण पहिला आला एवढंच बघायचंय, तिथे तरी भांडण नसेल? अमेरिकेतल्या इंडियानापोलिसला जाऊ. ३० मे १९११, पाचशे मैलांची पहिली शर्यत. चाळीस गाड्या. बाकीच्या गाड्यांत ड्रायव्हरशेजारी एक मेकॅनिक बसलेला, मागून कोण येतंय ते सांगायला. रे हॅरून मात्र एकटाच. त्याने गाडीला मागचं दिसणारा आरसा लावला आणि मेकॅनिकचं वजन वाचवलं. सहा तास बेचाळीस मिनिटांत, ताशी सरासरी ७४.६ मैल, म्हणजे सुमारे १२० किलोमीटर वेगाने त्याने शर्यत जिंकली.

जिंकली असं जाहीर झालं, असं म्हणतो. कारण शर्यतीच्या मध्यात नेमका पंचांच्या कक्षासमोरच अपघात झाला आणि फेऱ्या मोजणारी माणसं जीव वाचवायला पांगली. काही काळ मोजणीचा गोंधळ होता. दुसरा आलेला राल्फ मुलफर्ड हाच खरा विजेता होता का, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. दशांश चिन्हानंतर तीन आकडे छापून येतात तेव्हा आपण विसरतो की त्यामागे कुठेतरी पेन्सिल घेतलेला एक माणूस होता, आणि तो काही वेळ खुर्चीवर नव्हता.

तिसरं ठिकाण आपल्या सगळ्यांच्या जास्त जवळचं, कारण आपला आकडा तिथून निघाला. बॉस्टनजवळचं वॉटरटाउन. तिथे अमेरिकन लष्कराचा कारखाना होता, तोफांचे गाडे वगैरे बनायचे. फ्रेडरिक टेलर या इंजिनियरची पद्धत तिथे आणायचं काम चाललं होतं. टेलर म्हणजे स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या मागे उभा राहणारा पहिला मोठा माणूस. त्याचं 'प्रिन्सिपल्स ऑफ सायंटिफिक मॅनेजमेंट' हे पुस्तक याच १९११ सालचं.

त्यातली सगळ्यात गाजलेली गोष्ट बेथलेहेम स्टीलमधल्या एका हमालाची आहे. कच्च्या लोखंडाचे ९२ पौंडी ठोकळे उचलून वॅगनमध्ये टाकायचे. सगळे दिवसाला साडेबारा टन भरायचे, याच्याकडून ४७ टन भरून घेतले. मजुरी १ डॉलर १५ सेंटवरून १ डॉलर ८५ सेंट. मी सवयीने कॅल्क्युलेटर काढला. ४७ टन म्हणजे साधारण ११४० ठोकळे. दहा तासांचा दिवस धरला तर मिनिटाला जवळजवळ दोन, प्रत्येक सुमारे ४२ किलोचा. काम पावणेचारपट, पगारवाढ ६० टक्के. (टेलर हे लपवत नाही, अभिमानाने सांगतो.) १९७४ मध्ये दोन अभ्यासकांनी मूळ कागद तपासले तेव्हा दिसलं की टेलरने ही कहाणी बरीच रंगवली होती. पण तोवर जगभरचे मॅनेजर ती शिकून मोकळे झाले होते.

तर वॉटरटाउनला ऑगस्ट १९११ मध्ये फाउंड्रीतल्या मोल्डर लोकांच्या मागे स्टॉपवॉचवाला येऊन उभा राहिला. मोल्डर म्हणजे वाळूचे साचे तयार करणारे. कोल्हापूरकडच्या वाचकांना सांगायला नको, हे काम हाताचं, अंदाजाचं आणि वर्षानुवर्षांच्या सरावाचं. वाळू किती ओली, किती दाबायची हे घड्याळाला दिसत नाही. एका मोल्डरने सरळ सांगितलं, माझी वेळ मोजायची नाही. त्याला कामावरून काढलं. बाकीचे मोल्डर हत्यारं टाकून बाहेर पडले. आठवडाभर संप. चौकशीचं आश्वासन मिळालं तेव्हा परतले.

त्यांच्या अर्जात पैशाची तक्रार फारशी नव्हती, कारण या पद्धतीत बोनस मिळणार होता. तक्रार अपमानाची होती. आमचं काम आम्हाला येतं, आणि ज्याला ते येत नाही तो घड्याळ धरून आम्हाला सांगणार की आम्ही किती वेळ फुकट घालवला! प्रकरण थेट अमेरिकन संसदेच्या समितीपुढे गेलं. जानेवारी १९१२ मध्ये खुद्द टेलरची तिथे चार दिवस साक्ष झाली. १९१५ साली टेलर वारला, आणि त्याच साली संसदेने लष्करी कारखान्यांत स्टॉपवॉच लावायला निधी नाकारला. ती बंदी १९४९ पर्यंत टिकली.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे आकडे वाईट, माणसं चांगली. मलाही आधी तसंच वाटलं होतं, लेख तिथेच संपवणार होतो. पण १९११ चं चौथं ठिकाण आडवं येतं.

त्या उन्हाळ्यात भारताचा क्रिकेट संघ इंग्लंडला गेला. याआधी पारशी संघ जाऊन आले होते, पण हिंदू, पारशी, मुसलमान असे सगळे मिळून अखिल भारतीय म्हणावा असा हा पहिलाच दौरा. कप्तान पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. संघ जिंकला कमी, हरला जास्त. पण एका डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने दौऱ्यात ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. त्यांचं नाव बाळू पालवणकर.

बाळू चर्मकार समाजातले. पुण्यात युरोपियनांच्या क्लबात मैदानाची निगा राखायच्या नोकरीवर होते, पगार महिना चार रुपये. साहेब लोकांना नेटमध्ये सराव म्हणून तासन् तास गोलंदाजी करायची. बॅटिंग साहेबाची, बोलिंग नोकराची. त्यातून हात असा तयार झाला की पुण्याच्या हिंदू क्लबाला त्यांना संघात घेण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत. पण चहाच्या वेळी बाळूंचा चहा पॅव्हिलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात.

१९०६ मध्ये हिंदू संघाने मुंबईत युरोपियनांना हरवलं तेव्हा सामन्यात आठ बळी बाळूंचे. १९११ ला इंग्लंडमध्ये ११४. तरी हिंदू संघाचं कप्तानपद त्यांना कधीच मिळालं नाही. वर्षं जात राहिली, कप्तान दुसरेच होत राहिले. १९२० मध्ये हा अन्याय असह्य होऊन विठ्ठल आणि शिवराम या त्यांच्या धाकट्या भावांनी संघातून माघार घेतली. त्यावर बरीच चर्चा झाली आणि बाळूंना उपकप्तान केलं गेलं. १९२३ मध्ये विठ्ठल कप्तान झाले.

आता इथे आकड्याला शिव्या कशा घालणार? बाळूंच्या बाजूने कोण बोलत होतं? घराणं नाही, जात नाही, कप्तानाची मर्जी नाही. बोलत होता तो आकडा. ११४ बळी खोटे पाडता येत नव्हते. निवड समितीच्या 'एकंदर व्यक्तिमत्त्व', 'नेतृत्वगुण' असल्या गोल शब्दांपुढे तो आकडा उभा होता म्हणून तर भांडता आलं. उद्या सगळे आकडे काढून टाकले आणि 'साहेबाला काय वाटतं' यावर सोपवलं, तर सगळ्यात आधी मरेल तो ज्याची साहेबाशी ओळख नाही तो.

मग वॉटरटाउनच्या आकड्यात आणि बाळूंच्या आकड्यात फरक काय? मला वाटतं तो असा. बाळूंचे बळी हजारो लोकांसमोर पडले. खेळाडूला, प्रतिस्पर्ध्याला, प्रेक्षकाला, सगळ्यांना तो हिशेब दिसत होता, आणि बळी म्हणजे काय हे सगळ्यांना कळत होतं. स्टॉपवॉचचा आकडा घड्याळवाल्याच्या वहीत जायचा. मोल्डरला तो दिसायचा थेट निकाल म्हणून. त्याला उत्तर द्यायची जागाच नव्हती.

आमच्या धंद्यात हे दोन्ही प्रकार आहेत. कॉम्प्युटरचा वेग मोजायला १९८८ मध्ये 'स्पेक' नावाची संस्था निघाली. त्यांच्या पहिल्या चाचणीसंचात 'मेट्रिक्स ३००' नावाचा एक प्रोग्राम होता, मोठमोठ्या मेट्रिक्सचे गुणाकार करणारा. कंपायलरवाल्यांनी नेमका तोच गुणाकार भराभर करायची युक्ती काढली. आकडे आकाशाला भिडले, ग्राहकाचा रोजचा प्रोग्राम होता तसाच चालत राहिला. वन्समोरच की हा! पण चाचणी सगळ्यांसमोर उघडी होती, त्यामुळे सगळ्यांना ते दिसलं आणि १९९२ च्या संचातून मेट्रिक्स ३०० काढून टाकला. उघड्यावर असलेलं माप चुकलं तर दुरुस्त होतं.

मशीनच्या बाबतीत आम्ही आणखी एक शहाणपण शिकलोय. नुसती सरासरी कधी बघायची नाही. शंभरपैकी नव्याण्णव रिक्वेस्ट झटकन गेल्या आणि एक वीस सेकंद लटकली, तर सरासरी छानच दिसते, पण तो एक ग्राहक पुन्हा येत नाही. मशीनसाठी आम्ही एवढा विचार करतो. माणसाला मात्र एक आकडा!

तोही वक्ररेषेवर बसवलेला. जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्चच्या काळात वीस-सत्तर-दहा ही विभागणी गाजली. वरचे वीस टक्के उचलून धरायचे, खालचे दहा टक्के घरी पाठवायचे. मायक्रोसॉफ्टने अशी सक्तीची क्रमवारी नोव्हेंबर २०१३ मध्ये सोडली. पण नाव बदलून ती कितीतरी ठिकाणी नांदते आहे. आठ जणांच्या टीमला बेल कर्व्ह लावणं हे गणिताच्याही दृष्टीने हास्यास्पद आहे, हे इंजिनियरांना सांगायची वेळ यावी?

माझ्या एका जुन्या कंपनीत (नाव नको) एक सहकारी होता. सर्व्हर सांभाळायचा. दोन वर्षांत रात्री-अपरात्री कोणाला उठावं लागलं नाही. त्याला 'अपेक्षेपेक्षा कमी' मिळालं, कारण त्याच्या नावावर सोडवलेल्या अडचणींची संख्या सगळ्यांत कमी. आणि जो दर महिन्याला आग लावून स्वतःच विझवायचा, त्याला टाळ्या. आवाज नाही, गडबड नाही, उत्पात नाही. भरताने ज्याला दैवी सिद्धी म्हटलं ती आमच्या फॉर्ममध्ये शून्य दिसत होती. त्याचा मॅनेजर वाईट माणूस नव्हता, पण आयुष्यात त्याने कधी सर्व्हर सांभाळला नव्हता. प्राश्निक चुकला होता.

असो. तर यंदा फॉर्म भरताना तीन प्रश्न विचारा म्हणतो. हा आकडा कशाचा आहे? तो वाचणाऱ्याला माझं काम येतं का? आणि मला त्याला उलट उत्तर देता येतं का? तिन्हींची उत्तरं 'हो' असतील तर चार मिळो की दोन, बाळूंसारखा तो आकडा एक दिवस तुमच्या बाजूने उभा राहील. आणि टीम लीड असाल, दुसऱ्यांचे फॉर्म तुमच्याकडे येत असतील, तर त्या वर्षभर आवाज न झालेल्या माणसाचा कागद सगळ्यात आधी उघडा.